घोळक्यातली पाचवी

तो माणूस पुन्हा थांबला. मुली थांबल्या की तो थांबायचा, मुली चालू लागल्या की तोही चालायचा, आणि हे जोलीनने चार घरं पारखून घेतलं होतं. राखाडी हुडी, हात खिशात, बरोबर मूल नाही. हॅलोविनच्या संध्याकाळी, खाऊ मागायला निघायचा सहाचा भोंगा होऊन गल्लीभर पोरं "खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू" ओरडत सुटलेली असताना बिनपोराच्या माणसाचं इथे काय काम?

जोलीनचं तोंड दुधाने कधी पोळलं नव्हतं, तरी ती ताक फुंकूनच प्यायची. लेकीच्या, टेसाच्या, आणि तिच्या तिघी मैत्रिणींच्या पाठीवर तिने स्वतः चमकत्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. ओसरीवर दिवा लागलेल्या घराचंच दार वाजवायचं, आत पाऊल टाकायचं नाही, आणि घरी जाऊन तिने तपासल्याशिवाय एक गोळीसुद्धा तोंडात टाकायची नाही, हे तिने चौघींकडून वदवून घेतलं होतं.

"आई, तू पोलिसातच का नाही गं भरती झालीस?" टेसाने विचारलं होतं.

आता तर चौघींच्या पाच झाल्या होत्या. कुठून तरी एक भूत येऊन चिकटलं होतं. पांढरी चादर, डोळ्यांना दोन भोकं, खाली मळके बूट.

"तू कोणाबरोबर आहेस गं?" जोलीनने भुताला हटकलं.

"मैत्रिणींबरोबर."

"कुठल्या मैत्रिणी?"

चादरीतून एक बोट निघालं आणि चौघींकडे वळलं. टेसाने खांदे उडवले. "असू दे ना आई. तिने उशीचा अभ्रा आणलाय, आमच्या खाऊच्या बादल्यांपेक्षा जास्त मावतं त्यात."

जोलीनला तेही काही रुचलं नाही. पण भूत होतं नऊ-दहा वर्षांच्या पोरीएवढं, आणि मागचा माणूस चांगला सहा फुटी. तिने मोबाइल काढला, त्याचा फोटो घेतला आणि गल्लीच्या ग्रुपवर टाकला. 'राखाडी हुडी, बरोबर मूल नाही, चार घरांपासून मुलींच्या मागे आहे. पोरं सांभाळा.' मग मुली समोरच्या पायऱ्या चढल्या तशी ती सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"काय हो, काय हवंय तुम्हाला?"

माणूस चपापला. त्याने आधी मुलींकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. "बाई, जरा हळू बोला. ती चादरवाली माझी आहे. ऑड्री."

"मग असं चोरासारखं मागून कशाला चालताय?"

"येऊ नकोस म्हणाली. मैत्रिणींनी बोलावलंय म्हणाली." त्याने मान खाली घातली. "ऑगस्टमध्ये आलोय आम्ही इथे, हायवेपलीकडच्या इमारतीत राहतो. तिला कोणी बोलावलेलं नाही, मला माहीत आहे. पण घरातून नाचत निघाली हो. मोडता कसा घालू? आणि अंधारात एकटी तरी कशी सोडू?"

जोलीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने घाईघाईने मेसेज पुसला. पण तोवर एकतीस जणांनी तो वाचला होता, आणि कोपऱ्यावरच्या घरातला वेंडल भलीमोठी बॅटरी घेऊन रस्ता ओलांडत होता. मागे आणखी दोघं बाप, त्यातल्या एकाच्या डोक्यावर समुद्री चाच्याची टोपी. मुली खाऊ घेऊन उतरल्या त्या नेमक्या या गराड्यात.

"हाच ना?" वेंडलने झोत माणसाच्या तोंडावर धरला. "काय रे, कोणाच्या मागे फिरतोस?"

माणसाने झोतापासून तोंड फिरवलं.

"वेंडल, ती बॅटरी खाली कर," जोलीन म्हणाली. "माझी चूक झाली. आपल्या मुलीच्या काळजीने आलाय तो. ही बघ त्याची मुलगी."

सगळे भुताकडे वळले. चौघीही वळल्या. त्यांच्यातली एक नाक मुरडत म्हणाली, "ते विचित्र काका? ते तुझे बाबा आहेत?"

वेंडल गुडघ्यावर बसला. त्याचा आवाज मऊ झाला होता. "घाबरू नकोस बाळ. खरं सांग, ओळखतेस का तू यांना?"

भोकांमधले डोळे चौघींवरून फिरले.

"नाही," ती म्हणाली. "मी नाही ओळखत."

जोलीनने तोंड उघडलं, पण माणूस तिच्याआधी बोलला. "बरोबर बोलतेय पोरगी. माझी कोणी नाही ती. या बाईंना मी थाप मारली." आणि खिशातले हात बाहेर काढून त्याने ते सगळ्यांना दिसतील असे धरले.

"चल मग," वेंडल उठला. "चौकात पोलिसांची गाडी उभी आहे. काय सांगायचं ते तिथे सांग."

तिघांनी त्याला मध्ये घेतलं आणि निघाले. जोलीन जागच्या जागी खिळून राहिली. खरं सांगावं तर पोरगी उघडी पडणार, न सांगावं तर बाप. आयुष्यात पहिल्यांदाच तिला काय करावं ते सुचेना. हातातला मोबाइल सारखा थरथरत होता. 'थँक्यू जोलीन.' 'तुझ्यामुळे आमची पोरं सुखरूप.' 'तुझ्यासारखी एक तरी हवीच गल्लीत.'

चौघी पुढच्या दिव्याकडे पळाल्या. भूत पळालं नाही. जाणाऱ्यांच्या पाठी वळणाआड होईपर्यंत ते बघत राहिलं. मग चादरीखालून एक हात आला आणि त्याने जोलीनची बाही घट्ट धरली.

"काकू," मुलींना ऐकू जाणार नाही इतक्या हळू ती म्हणाली, "बाबाला ते मारणार नाहीत ना?"