पानाची पाठ

खोकल्यावरचा काढा घेतला आणि दुसऱ्याच दिवशी घरातला कर्ता मुलगा गेला. पातेल्यात उरलेला चोथा तपासणीसाठी प्रयोगशाळेत आला. आठवड्याने मुलाची म्हातारी आईही आली आणि निकाल कळेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहिली.

तपासनीस बाईंनी शिजून काळ्या पडलेल्या पानाचा पापुद्रा सुईने अलगद सोलला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. खोकल्यावरच्या पाल्याला पाठीमागून बारीक लव असते. ही पाठ गुळगुळीत होती आणि तिच्यावरच्या छिद्रांची ठेवणही वेगळी होती. त्यांनी आणखी तीन पानं पाहिली. सगळी विषारी झाडाचीच निघाली.

त्या बाहेर आल्या. म्हातारीशेजारी बाकावर बसल्या.

"आजी, पाला दुसऱ्याच झाडाचा होता. दोन्ही झाडं दिसायला अगदी सारखी असतात. कुणाचीही फसगत झाली असती."

म्हातारी हळूच म्हणाली, "पान कुणी तोडलं, तेही दिसतं का हो त्यात?"

"नाही. फक्त झाड कळतं."

"नक्की ना?"

"नक्की."

"मग बरं," म्हातारी उठत म्हणाली. "नातीने आणला होता पाला, बापाला बरं वाटावं म्हणून. आठ वर्षांची आहे. मी न बघताच उकळला. घरात सांगितलंय, मीच तोडला. तेव्हापासून सून माझं तोंड बघत नाही. न बघू दे. पोरीचं तरी बघेल."