गोलखालच्या विटा

एव्हाल्ड कोटेनब्रिंक तरातरा मैदानाच्या मधोमध गेला, चेंडू बुटाखाली दाबला आणि हात वर केला. खेळणाऱ्या बायका जागच्या जागी थांबल्या.

“बास झालं,” तो म्हणाला. “हे मैदान फुटबॉल संघटनेतल्या क्लबचं आहे. बायकांना मैदान द्यायचं नाही, पंच द्यायचा नाही, असा वरचा ठराव आहे. मी तरी काय करू?”

“मुकाट्यानं कडेला जाऊन बस,” गोलमधून पुढं येत आन्ने पॉटगीसर म्हणाली. “पंच आम्हाला नकोच आहे.”

बघ्यांमध्ये हशा पिकला. आन्ने वस्तीतलीच, एव्हाल्डच्या घरापासून दोन घरं पलीकडं राहणारी. तिचा नवरा खाणीतल्या अपघातात गेला होता. बाकीच्याही साऱ्या खाणकामगारांच्याच घरातल्या. केसांना रुमाल बांधून, नवऱ्यांच्या नाहीतर भावांच्या जर्सी घालून त्या उतरल्या होत्या. लोक आले होते त्यांची मजा बघायला, आणि हळूहळू खेळच बघू लागले होते. एव्हाल्डला खुपलं ते हेच.

त्यात आजचा दिवस. युद्धानंतर मोडून पडलेलं जिल्हा फुटबॉल मंडळ पुन्हा उभं राहिलं, त्याला दहा वर्षं होत होती. प्रांतिक संघटनेचे उपाध्यक्ष कुठल्याही क्षणी येणार होते. एव्हाल्डच्या कोटावर अध्यक्षाचा बिल्ला होता आणि खिशात भाषण होतं.

“पाहुण्यांसमोर मला मान खाली घालायला लावू नका,” तो आवाज चढवून म्हणाला. “हे मैदान आम्ही रक्त आटवून उभं केलंय. बॉम्बनं चाळणी झाली होती याची. एकेक खड्डा आम्ही या हातांनी बुजवलाय. तुमच्या गमतीसाठी नाही.”

आन्ने त्याच्याकडं बघत राहिली. ती चिडेल असं त्याला वाटलं होतं. ती चिडली नाही.

“कुठला खड्डा, एव्हाल्ड?” तिनं हळू आवाजात विचारलं.

“कुठला म्हणजे? सगळे.”

“मी उभी होते ना, त्या गोलखाली सगळ्यात मोठा होता. त्यात माझ्या पडलेल्या घराच्या विटा आहेत. मी आणि तुझी लिझबेथ ढकलगाडीनं आणून ओतायचो. पुरुष होते कुठं तेव्हा? तू तर फ्रान्समध्ये कैदेत होतास.” एवढं बोलून ती वळली. “चला गं.”

आणि त्या गेल्या. एकीनंही वाद घातला नाही. घातला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

तो कैदेतून सुटून आला तेव्हा मैदान सपाट होतं, गवतही धरलं होतं. मंडळाला माणसं हवी होती. युद्धाआधी तो पंच होता, नियम तोंडपाठ होते. त्याला आधी चिटणीस केलं, मग अध्यक्ष. पहिल्या भाषणात तो म्हणाला होता, “आम्ही खड्डे बुजवले.” दुसऱ्या वर्षी त्यात “या हातांनी” आलं. पुढं पुढं त्याला फावड्याचा दांडासुद्धा आठवायला लागला होता. खड्डे खरोखर कुणी बुजवले, हे त्यानं कधी कुणाला विचारलं नव्हतं. आणि त्याची बायको लिझबेथ दरवर्षी भाषणाच्या वेळी तिथंच असायची, मागच्या टेबलाशी, आलूबुखाराचा केक कापत.

उपाध्यक्ष आले. बँड वाजला. एव्हाल्ड माइकसमोर उभा राहिला. ते वाक्य जवळ येऊ लागलं तसा त्याला घाम फुटला. इथं थांबायचं, त्यानं ठरवलं. उपाध्यक्ष मान डोलावत होते. समोर दोन्ही संघ ताठ उभे होते. जीभ आपली चालत राहिली.

“आणि या हातांनी आम्ही एकेक खड्डा बुजवला.”

टाळ्या पडल्या. कुंपणापलीकडं बायका उभ्या होत्या. त्यांच्यात लिझबेथही होती, कमरेचा एप्रन तसाच. कुणी हसत नव्हतं. एव्हाल्डचे कान तापले. पुढचा सामना त्यानं बुटांकडं बघत काढला.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा लिझबेथ बटाटे सोलत होती. तो हॅट हातात घेऊन दारातच उभा राहिला.

“आन्ने म्हणाली ते खरं?”

“खरं.”

“सगळे खड्डे?”

“सगळे. वस्तीतल्या सगळ्या जणी होतो.”

“मग इतक्या वर्षांत तू बोलली का नाहीस?” त्याचा आवाज फाटला. “एकीनंही तोंड उघडलं नाही. माझ्यामागं हसत होतात सगळ्या?”

लिझबेथनं सुरी खाली ठेवली. हात पुसले.

“तू आलास तेव्हा तुझ्या हातात चमचा राहत नव्हता, एव्हाल्ड. दिवसचे दिवस भिंतीकडं तोंड करून पडायचास. त्या पहिल्या भाषणाला तू मान वर करून बोललास. खोटं बोललास, पण बोललास. घरी येऊन पोटभर जेवलास. दुसऱ्या दिवशी वस्तीच्या धुण्याच्या खोलीत आन्नेनं विचारलं, याला खरं सांगायचं का? मग तीच म्हणाली, नको. मैदान त्याला देऊन टाकू.”