खळीचा फोटो

फोटोवाल्याच्या तोंडून विनोद निघायचा, बाईंच्या हातांवर चढायचा आणि मग मुलांपर्यंत पोचायचा. तोवर मुलांचे डोळे कॅमेरा सोडून बाईंकडे वळलेले असायचे. सहा फोटो झाले, आणि सहाही मुलं भलतीकडेच बघत होती.

कर्णबधिर मुलांच्या शाळेतला वर्ग. बाकं भिंतीला लावलेली, फळ्यावर पांढरी चादर, पुढ्यात एक स्टूल. पोरांना हसवण्यात या फोटोवाल्याचा हात धरणारं कुणी नाही, असं ऐकूनच बाईंनी त्याला बोलावलं होतं. पण त्याची सगळी मदार जिभेवर. इथे जीभ चालवून उपयोग काय?

बाईंचा जीव सातव्या फोटोत अडकला होता. सातवी मुलगी म्हणजे खळी. हजेरीपटावरचं नाव वेगळं. पण हाक ऐकूच येत नाही म्हटल्यावर ही मुलं एकमेकांना खुणेची नावं देतात. हिचं नाव म्हणजे गालावर टेकवलेलं बोट. हसली की तिथे खळी पडायची. राहायला शाळेच्याच वसतिगृहात. आई नाही. वडील बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा येणार.

मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला होता. "तीन वर्षांचे तीन फोटो पाठवलेत तुम्ही, बाई. एकातही पोर हसत नाही. तिथे तिचं मन रमत नाहीये. या खेपेला आलो की कायमची घेऊन जातो."

"अहो, एकदा व्हिडिओवर बोला तिच्याशी."

"बोलू काय? तिची भाषा मला कुठे येते?"

खळी स्टुलावर बसली. बाईंनी खूण केली, हस. खळीने शहाण्यासारखे ओठ ताणले. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला.

"बाई, राग मानू नका. जरा दाराबाहेर थांबता?"

"मग मुलांना कळणार कसं?"

"मुलांना सगळं कळतंय. कळत नाहीये ते मला. ते जरा त्यांनाही बघू द्या."

बाईंना ते झोंबलं. पण त्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

फोटोवाल्याने कॅमेरा स्टँडवर चढवला, बटणाची वायर मुठीत धरली आणि खळीसमोर जमिनीवर फतकल मारली. तोंडातून अवाक्षर नाही. तिच्याकडे बोट करून नुसत्या भुवया उडवल्या. तू कोण?

खळीने गालावर बोट टेकवलं. त्याने तसंच करायला म्हणून बोट कानात घातलं. खळीने मान हलवली. त्याने ते नाकाला लावलं. तेव्हा ती स्टुलावरून उतरली, त्याचं बोट धरून त्याच्या गालावर नेऊन ठेवलं आणि वर्गातल्या एखाद्या ढ पोराला धडा शिकवून आल्यासारखी परत जागेवर बसली. मागची मुलं हळूहळू पुढे सरकली.

मग त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. आणि मी?

खळीने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. कॅमेऱ्यात डोकावायच्या आधी हा माणूस चष्मा कपाळावर चढवतो आणि दर वेळी तो घसरून नाकावर येतो, हे मुलांनी सकाळपासून हेरून ठेवलं होतं. तिने दोन बोटं कपाळावर नेली आणि धप्पकन नाकावर आपटली. वर्गभर हात नाचले. नाव एकमताने मंजूर. फोटोवाल्याने अगदी गंभीर चेहऱ्याने ते करून पाहिलं, तर खरा चष्माच निसटून त्याच्या मांडीवर पडला. खळीने घाईघाईने पुन्हा खूण करून दाखवली, असं नाही, असं, आणि हसत सुटली. डोळे मिटून, पडलेल्या दाताच्या खिडकीसकट, सगळ्या अंगाने.

बटण कधी दाबलं गेलं ते बाईंनाही दिसलं नाही. इतकी वर्षं त्या बाहेरच्या माणसांचं बोलणं मुलांना समजावून देत आल्या होत्या. स्वतः अडाणी होऊन मुलांसमोर मांडी घालणारा माणूस त्यांनी आज पहिल्यांदा पाहिला.

"लोकांनी नावं आजवर पुष्कळ ठेवली, बाई," फोटोवाला चष्मा पुसत म्हणाला, "नाव मात्र आजच ठेवलं." मग कॅमेऱ्यात बघून त्याने तोंड वाकडं केलं. "हात हलला हिचा. पुसट आलाय, तोही ऐन नाकावर. दुसरा काढतो."

बाईंनी वाकून पाहिलं. हात पुसट होता. गालावरची खळी लख्ख होती.

"नको," त्या म्हणाल्या. "हाच द्या."

संध्याकाळीच बाईंनी तो फोटो खळीच्या वडिलांना पाठवला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांचा फोन वाजला. या वेळी व्हिडिओ. मागे बोटीची लोखंडी भिंत, पुढे दोन दिवसांची दाढी वाढलेला चेहरा. बाईंनी खळीला जवळ ओढलं.

"बाई, फोटोत ती हाताने काय म्हणतेय?"

बाईंनी चष्म्याची हकिकत सांगितली. वडील हसले. मग त्यांनी आपली जाडजूड दोन बोटं कपाळावर नेऊन नाकावर आपटली. नीट जमलं नाही. पुन्हा केलं. खळी डोळे विस्फारून बघत राहिली. वडिलांचे हात बोलताना तिने आजवर पाहिले नव्हते.

तिला घेऊन जायचा विषय त्यांनी काढला नाही. बाईंनीही काढला नाही.

"ही मुलं सगळ्यांनाच अशी नावं देतात?"

"मनात भरलेल्या माणसांना."

ते जरा घुटमळले. "मग... मला काही दिलंय का तिने?"

बाईंनी खळीला विचारलं. तिला आठवावं लागलं नाही. तिने हाताची पालथी बाजू आपल्या गालावर घासली आणि खुंट टोचल्यासारखा चेहरा वेडावाकडा केला.

बाई अर्थ सांगायला गेल्या आणि थांबल्या. पडद्यावर वडिलांचा हात स्वतःच्या दाढीवर गेला होता आणि तिथेच राहिला होता.