चाळिसावी दाढ

“हलतेय का?” अनीशने फोनवर विचारले.

“हलतीया, पन पडंना,” पलीकडून धोंडुबाई म्हणाल्या. “आवं डॉक्टर, काल बी त्येच, आज बी त्येच. दाढ हाय ती. चिंच न्हवं, फांदी हलवली की पडाय.”

धोंडुबाई पाचगणीच्या एका निवासी शाळेत मुलींच्या वसतिगृहावर होत्या, आणि डॉ. अनीश वाटवे सांगलीच्या एका दंत महाविद्यालयातल्या प्रयोगशाळेत. दोघांची गाठ पडली ती दुधाच्या दाढांमुळे. मुलांच्या किडलेल्या दाढा भरायला अनीशने एक स्वस्त सिमेंट तयार केले होते. ते कुणाच्या तोंडात जाण्याआधी, आपणहून पडलेल्या चाळीस दाढांवर चिकटवायचे आणि यंत्राने रेटून किती जोराला निघते ते मोजायचे. चाळीस म्हणजे चाळीस. एकोणचाळिसांवर काढलेल्या आकड्याकडे तपासणी समिती ढुंकूनही पाहणार नव्हती.

धोंडुबाईंकडून एकोणचाळीस आल्या होत्या. छोट्या बाटल्यांत, औषध घातलेल्या पाण्यात, नंबर लावून. चाळिसावी अजून एका दहा वर्षांच्या मुलीच्या तोंडात होती आणि तिने अनीशचा जीव टांगणीला लावला होता.

त्याच्या मार्गदर्शक शरयू मॅडम मात्र वैतागल्या होत्या. “साताऱ्याला मुलांच्या डेंटिस्टकडे बरणीभर दाढा पडून आहेत. एक आण आणि मोकळा हो. एकतीस मार्चला अहवाल गेला नाही, तर दोन वर्षांचं काम पाण्यात जाईल.”

“त्या उपटलेल्या आहेत, मॅडम. आपल्या पडलेल्या. शिवाय तिथलं पाणी वेगळं, मुलांचं खाणं वेगळं.”

“नियमांचा इतका पक्का माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही,” मॅडम म्हणाल्या. हे कौतुक नव्हते.

पक्का तो होताच. मुलांची नावे संशोधकाला कळता कामा नयेत, म्हणून पहिल्याच दिवशी त्याने धोंडुबाईंना बजावले होते, की नाव नको, नंबर सांगा. संमतीचे कागद बंद पाकिटातून थेट मॅडमकडे जात. “तुमीच या की एकदा हिकडं, पोरींस्नी बी गंमत,” असे धोंडुबाई दोनचारदा म्हणाल्या, तेव्हा त्याने सांगितले, की संशोधकाने मुलांना भेटायचे नसते. हा नियम नेमका कुठे छापला आहे, ते मॅडमनाही माहीत नव्हते.

आधीच्या मुलींबद्दल त्याने फारसे काही विचारले नव्हते. हिच्याबद्दल विचारून विचारून तो बाईंच्या नाकी नऊ आणत होता.

“जेवते का नीट?”

“जेवती. स्ट्रॉबेरी दिली की लय खूश. डाव्या बाजूनं चावती, आन डाव्याच हातानं लिवती.”

अनीशने हातातले पेन खाली ठेवले.

“रडते का?” त्याने मग विचारले.

“दाढंपायी न्हाई रडत.”

“तिच्या कागदावर सही कोण करणार?”

“आई. पुण्यासनं येती रविवारची. भेटायच्या यादीत तिचंच नाव हाय. आन पोरीची बी सही लागंल न्हवं? तुमीच सांगितलं हुतं.”

“हो,” अनीश म्हणाला. “लागेल.”

त्या दिवसापासून तो सकाळ-संध्याकाळ फोन करू लागला. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर जाऊन बसू लागला. पाचगणीच्या पायथ्याशी, वाईच्या घाटाला लागून गेलेले पाणी सांगलीला पोचायला किती दिवस लागत असतील, याचा तो उगाच अंदाज बांधी. वाट पाहायची सवय होते म्हणतात. त्याला ती झाली नाही.

अठ्ठावीस तारखेला धोंडुबाईंनीच फोन केला.

“पडली! चिक्की खाताना पडली बगा. रगत बी थेंबभरच.”

“घाबरली का?”

“छ्या! नाचली हातात घिऊन. छपरावर टाकती म्हनाली. द्यायलाच तयार न्हाई. म्हटलं, बाय, सांगलीच्या डॉक्टरास्नी पायजे ती. तर म्हनाली, नाव काय त्येंचं?”

“मग?”

“सांगितलं की. पोरींची नावं तुमास्नी सांगायची न्हाईत. तुमचं पोरींस्नी सांगू नये, असं कुटं म्हनला हुता?”

“नाही. तसं नव्हतो म्हणालो. मग काय म्हणाली?”

“काय न्हाई. गप बाटलीत टाकली, आन सहीला कागुद मागितला.”

दुसऱ्या दिवशी दुपारी एसटीच्या पार्सलने खोके आले. ते घ्यायला शिपायाला न पाठवता अनीश स्वतः स्टँडवर गेला. प्रयोगशाळेत येऊन त्याने ते उघडले. कापसात बाटली होती, चाळीस नंबरची. आणि बाईंनी घाईत संमतीचा कागद पाकिटात न घालता तसाच घडी करून बाटलीशेजारी ठेवला होता.

“आली का एकदाची?” दारातून शरयू मॅडम म्हणाल्या. “लाव मग यंत्राला. आणि तो कागद न वाचता माझ्याकडे दे.”

“देतो, मॅडम.”

मॅडम गेल्या. दाढ तांदळाच्या चार दाण्यांएवढी होती. तो तिच्याकडे पाहत राहिला. यंत्राखाली घालायची तर आधी ती घासून सपाट करावी लागणार होती.

मग नियमांच्या त्या पक्क्या माणसाने कागदाची घडी उलगडली.

वर आईची सही होती, झरकन केलेली. खाली मुलीची. डावखुरी, मागे कललेली अक्षरे. आधी काहीतरी दुसरे लिहून ते रबराने खोडले होते, आणि त्यावर पेन्सिल दाबून नाव पुन्हा लिहिले होते, पूर्ण:

‘ओवी अनीश वाटवे.’