एकट्याला झेपणारी बोट

तारेवरची टेप सोलली तशी आतून काळी, चिकट घाण ओघळली. धाकटीने नाक दाबलं.

"शी! ताई, काय कुजलंय हे?"

"जुनं ग्रीस आणि गंज." मोठीने तार चिंधीने पुसली. तुटलेला एक धागा बोटात घुसला. तिने रक्त पुसलं आणि तार कापून खाली टाकली.

बोट जुनी, लांबच्या प्रवासाची. डोलकाठीला चहूकडून ताणून धरणाऱ्या सगळ्या तारा बदलायच्या होत्या, आणि ते काम मोठीने स्वतः शिकून अंगावर घेतलं होतं. बोट तिच्या नवऱ्याची. निवृत्त झाल्यापासून लोक त्याला थट्टेने कप्तान म्हणत. त्याला ते खरंच वाटे.

कप्तान केबिनच्या दारात पाय पसरून बसला होता. अर्ध्या कॉफीत सिगरेट विझवून तो ओरडला, "मागच्या त्या दोन तारांचं काय? वळताना दर वेळी एक सोडा, दुसरी ताणा! एकट्या माणसाने काय काय करायचं?"

"त्या काढल्या. मागे आता एकच, पक्की. हातसुद्धा लावावा लागणार नाही."

"बघ हं. तुझं काम म्हणजे..." त्याने घसा खाकरला आणि बसल्या जागेवरून थुंकला. थुंकी नव्या तारेच्या बुडाशी पडली. तो आत जाऊन आडवा झाला.

मोठीने ती पुसली.

धाकटीने तिच्या हातातली चिंधी ओढली. "भावजी तुला इथे टाकून जग फिरायला निघालेत. 'तू किनाऱ्यावरच बरी' म्हणतात. आणि तू त्यांची थुंकी पुसतेस?"

"घाण साचली की तार खराब होते."

गोदीतला मिस्त्री म्हणाला होता, डोलकाठीच्या टोकाचा जुना जोड अजून चालेल. मोठीने ऐकलं नाही. दोराला बसायची फळी बांधून ती स्वतः वर चढली, जोड बदलून आली. मग प्रत्येक पिन पुन्हा चाचपली.

धाकटी कुजबुजली, "एखादा स्क्रू अर्धवटच आवळ. कोणाला कळतंय?"

"वेड लागलंय का तुला?" मोठी एकदम फटकारून बोलली. "भर समुद्रात डोलकाठी कोसळली म्हणजे?"

निघायच्या दिवशी वारा चांगला होता. कप्तानाने दोर सोडले. बायकोकडे बघून हातही हलवला नाही. शीड फुगलं, बोट कलली. डोलकाठी तसूभर हलली नाही. बोटीचा ठिपका होऊन दिसेनासा होईपर्यंत मोठी कपाळावर हात धरून बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

"एवढं होऊनही जीव अडकलाय तुझा त्या माणसात," धाकटी म्हणाली. "खरं सांगू? आता मला तुझीच किळस येते."

मोठीने डोळे पुसले आणि सुटकेचा श्वास सोडला.

"अगं, वाटेत काही मोडलं असतं, तर घरी परत आला असता ना तो."