सरकणारा देव

देव एकदा बसला की जागा सोडत नाही, यावर साऱ्या जगातल्या धर्मांचं एकमत आहे. नार्नूरकडच्या दोन शेतांमधल्या एका धुऱ्यावरचा काळा देव मात्र दर उन्हाळ्यात वीतभर सरकत असे, आणि तोही नेमका उद्धवरावाच्या शेतात.

धुऱ्याच्या अलीकडं उद्धवराव, पलीकडं चंपतराव. देव बसला तिथं हद्द, हा गावचा कायदा. आणि बसल्या देवाला हात लावून हलवायचं नाही, हा त्याहून मोठा कायदा. म्हणजे देव पुढं येई, पण त्याला मागं कोणी नेऊ शकत नसे. उद्धवरावाची कापसाची जमीन अशी नांगराच्या तासातासानं चंपतरावाकडं चालली होती. तक्रारीवरून महसूल खात्याचा गिरदावर मोजणीची जरीब घेऊन आला, तर देव पाहून त्यानं जोडे काढले, नमस्कार केला आणि जरीब न उलगडताच गेला.

म्हणून यंदा वैशाखात दोघेही भर दुपारी पहाऱ्याला बसले. हा बाभळीखाली, तो पळसाखाली. उद्धवरावाची बायको बयनाबाई बादलीतून पाणी घेऊन आली. निम्मं वाटेतच गळलं होतं.

"चंपतराव, देवाले पाय कवा फुटले म्हणता?" उद्धवरावानं विचारलं.

"देवाले विचारा. मले काऊन विचारून राह्यले?"

इतक्यात नव्या सडकेच्या कामावरचा ओव्हरसियर पाणी मागायला आला. पाणी पिता पिता त्याची नजर देवावर गेली. शेंदूर तडकला होता तिथं त्यानं अंगठा दाबला. अंगठा उमटला. गाव ज्याला देवाचा घाम म्हणायचा, ते काळं त्याच्या बोटाला लागलं. त्यानं हुंगलं, काडी लावून काळा धूर काढून दाखवला आणि सांगितलं की हा डांबराचा दगड आहे, जमिनीच्या पोटात आपोआप होतो. वितळवून सडकेला लावतात, छताला लावतात, नावेच्या बुडाला लावतात. निजामाच्या सडकेसाठी कुठून तरी आणला असेल, बैलबंडीवरून पडला असेल. उन्हानं नरम होतो आणि उताराकडं वाहतो.

उतार कुणीकडं आहे ते त्यानं सांगितलं नाही. दोघांनीही एकदमच पाहिलं.

चंपतरावाला वाटलं, याला उद्धवरावानं पढवून आणला. उद्धवरावाला वाटलं, याला आपला देव सडकेत घालायचा आहे. ओव्हरसियर दिसेनासा होईपर्यंत दोघं त्याच्या पाठीकडं संशयानं पाहत राहिले. इतक्या वर्षांत त्यांचं असं एकमत पहिल्यांदाच झालं.

मग चंपतराव म्हणाला, "डांबर हाय ना? मंग न्या मांगं. मी नाही म्हणत नाही."

उद्धवराव उठला. देवासमोर उकिडवा बसला, दोन्ही हात पुढं केले. गेलेली जमीन एका ढकलीवर होती. हात देवाच्या अगदी जवळ जाऊन थांबले, घुटमळले, आणि आपोआप जोडले गेले.

ते पाहून चंपतरावालाही पलीकडून हात जोडावे लागले.

बयनाबाई रिकामी बादली घेऊन पुढं झाली. डोक्यावरचा पदर सारखा केला, बादली उपडी करून देवापुढं ठेवली.

"देवा, आमच्याकडे आलाच हायेस," ती म्हणाली, "त या बुडाले जरासा लाग. लय गळून राह्यली."