आरेच्या चढावरची सोबत

ती पुन्हा पुढे निघून गेली. आधी घंटी वाजली, मग साडीचा काठ दिसला, आणि जयवंतने मान वर करेपर्यंत आरेच्या चढावर नुसतं पांढरं धुकं उरलं होतं.

बायकांची सायकल, पायात साध्या चपला, पदर गळ्याभोवती घट्ट लपेटून कमरेला खोचलेला. आणि तिच्यामागून धापा टाकत येणारा जयवंत परुळेकर! गोरेगावच्या सायकल मंडळाचा होतकरू गडी, यंदाच्या अंधेरी-घोडबंदर शर्यतीत नाव दिलेला.

चढ संपला तिथे ती एक पाय टेकून उभी होती. खाली गोठ्यांतले दिवे धुक्यात तरंगल्यासारखे दिसत होते. कुठेतरी दुधाच्या बाटल्या किणकिणत होत्या.

"तुमच्या शर्टात वारा भरतो," ती म्हणाली. "शीड लावून होडी चालल्यासारखं दिसतं."

जयवंतने फुगलेला शर्ट खाली ओढला. "तुम्ही रोज येता?"

"या उद्या. मग कळेल."

मग ती रोजच येऊ लागली. नाव क्षमा, एवढंच कळलं. कुठे राहता विचारलं तर तिने गोरेगावच्या दिशेने नुसती मान हलवली. बोलणं झालं तर सायकलचंच. हँडल घट्ट आवळू नका. चढावर दात खाऊ नका, श्वास पोटातून घ्या. उतारावर पाय थांबवू नका. जयवंत ऐकत राहायचा. दिवसभर ऑफिसात टाइपरायटरसमोर बसला तरी डोळ्यांपुढे धुकं आणि कानात तिची घंटी. साहेबाने दोनदा हाक मारली तरी त्याला ऐकू जात नसे.

"कपडे बदला," ती एकदा म्हणाली. "लोकरीचा अंगाबरोबर बसणारा बनियन, अर्धी चड्डी, आणि तिला बैठकीच्या जागी आतून मऊ कातडं शिवून घ्या. नाहीतर घोडबंदरपर्यंत बसवणार नाही."

"लाल घेतो. झकास दिसेल."

"लाल नको." तिचा आवाज एकदम करडा झाला. "फिकट हिरवा घ्या. झाडीत मिसळून जाईल असा."

त्याच्या बहिणीने, शुभाने, कातडं शिवून दिलं. सुईचा दोरा तोडताना ती हसली. "शर्यतीला चाललायस की बोहल्यावर रे?"

जयवंत लाजला. खरं म्हणजे शर्यत आता त्याच्या मनात दुसऱ्या नंबरावर गेली होती.

शर्यतीतला खरा अडथळा एकच होता, लवू कामेरकर. चाळिशी गाठलेला माणूस, पण गेली कित्येक वर्षं पहिला. त्याच्या मागून येणाऱ्यांना त्याची पाठ तेवढी ओळखीची होती.

"कामेरकरला कोण हरवणार हो?" जयवंत एका सकाळी म्हणाला.

"तुम्ही." क्षमा समोर झाडांकडे बघत होती. "नीट ऐका. परतीला काशीमिऱ्याचा चढ लागतो, तिथे त्यांच्याशी झुंजायचं नाही. तुम्ही शेजारी असलात तर ते जीव गेला तरी सोडणार नाहीत. चढाच्या आधीच पुढे जा आणि दिसेनासे व्हा. पुढे कोणी दिसलंच नाही, की माणूस आपोआप हळू होतो."

"तुम्हाला एवढं कसं माहीत?"

"दरवर्षी शेवटच्या रेषेवर उभी असते मी." तिने सायकल वळवली. "याही वर्षी असेन."

"मग तिथे मला तुमच्याशी काही बोलायचंय."

ती थांबली. काहीतरी सांगणार असं वाटलं. पण नुसतं म्हणाली, "आधी जिंका."

त्यानंतर काही दिवसांनी चढावर ती मागे पडली. जयवंत वर पोचला, वळून पाहिलं, तर ती दमून, घामाघूम होऊन येत होती. चेहऱ्यावर असा आनंद, की त्याने तो जपून ठेवावा.

शर्यतीच्या दिवशी त्याने तिचा शब्द न् शब्द पाळला. घोडबंदरहून परतताना कामेरकर पुढे होता. चढ यायच्या बराच आधी जयवंतने सगळा दम एकवटला, त्याच्या बाजूने सुटला आणि झाडीत शिरलेल्या वळणामागे नाहीसा झाला. मग रस्ता, वारा आणि तो. बोरिवली मागे पडली, मालाड मागे पडलं. स्वप्नात चालवावी तशी सायकल चालली होती. मागे वळून बघायची गरजच वाटली नाही.

अंधेरीला लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. कोणी हार घातला. तो खाली उतरायला धडपडत होता. गर्दीत ती दिसली, पदर आवळून उभी. डोळ्यांत पाणी. तो तिच्याकडे निघाला. ती धावतच पुढे आली. जयवंतने हात पुढे केले.

ती त्याच्या बाजूने तशीच पुढे गेली.

लवू कामेरकर सावकाश, पाय सोडून येत होता. तिने त्याचं हँडल दोन्ही हातांनी धरलं.

"हरलो गं," तो हसत म्हणाला. "पोरगं दिसलंच नाही कुठे. मग मीही सोडून दिलं."

"डॉक्टरांसमोर शब्द दिला होतात, अहो. कुणी हरवलं की त्याच दिवशी सायकल सोडीन म्हणून." क्षमा रडत होती आणि हसत होती. "मिळाला एकदाचा हरवणारा. आता त्या छातीला विसावा द्या. चला घरी."